सेशन ड्रमर व्हायचंय? ऑर्केस्ट्राच्या स्टेजपासून अल्बमच्या रेकॉर्डिंगपर्यंत

अल्बमच्या पहिल्या गाण्याचा पहिला टेक झाला आणि मी हेडफोन काढून कंट्रोल रूममध्ये गेलो. ऑर्केस्ट्रात वाजवून सात वर्षं झाली होती, गाणं पाठ होतं, क्लिक (हेडफोनमधली लयीची टिकटिक) कुठेही सुटला नव्हता. इंजिनिअरने गाणं लावलं. पहिल्या कडव्यात हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन थाळ्या) एवढा मोठा येत होता की गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ त्याच्याखाली दबत होते. स्नेअर (पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम) कुठेतरी मागे. मी म्हटलं, “हाय-हॅटचा माइक जरा कमी करा ना.” त्याने तो माइक पूर्ण बंद करून दाखवला. हाय-हॅट जवळजवळ तेवढाच राहिला, कारण तो बाकी सगळ्या माइकांमधूनही येत होता. माझा हातच तसा पडत होता.

स्टुलावर बसून मला हे सात वर्षांत एकदाही ऐकू आलं नव्हतं. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मी आधी हेच सांगतो: बसल्या जागी जे ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही. ही गोष्ट मला उशिरा कळली, तुम्हाला लवकर कळावी म्हणून हे सविस्तर लिहितोय. सांगलीहून पुण्यात आलो तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

१. आधी कामाचं स्वरूप समजून घ्या

सेशन ड्रमर हा कुठल्याही बँडचा कायमचा सभासद नसतो. आज बालगंधर्वला भावगीतांचा कार्यक्रम, परवा जुन्या हिंदी गाण्यांचा, पुढच्या आठवड्यात कॉलेजचं गॅदरिंग आणि मध्येच एखादं रेकॉर्डिंग. ज्याचा कार्यक्रम, त्याचं गाणं. तुमची आवड-निवड घरच्या रियाजाला.

आपल्याकडे या कामाला मोठी परंपरा आहे. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये कावस लॉर्ड, त्यांची मुलं केरसी आणि बुर्जोर, लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ अशा वादकांनी हजारो गाण्यांना ताल दिला. त्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, कारण तिथल्या चर्चच्या शाळांमधून ते स्टाफ नोटेशन वाचायला शिकून आलेले असत. कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. तेव्हा सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवायचा आणि एकाची चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आता आपण ट्रॅकवर एकेकटे वाजवतो. चूक सुधारता येते, पण शेजारी बसून ऐकणारं कुणी नसतं. ते ऐकण्याचं काम स्वतःवर घ्यावं लागतं.

२. सामान: महाग किट नको, पूर्ण किट हवं

नव्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, “दादा, कोणता सेट घेऊ?” मोठ्या कार्यक्रमांत सेट बहुतेक वेळा साउंडवालाच आणतो. तुमचं स्वतःचं लागतं ते स्नेअर, सिम्बल्स (धातूच्या थाळ्या), किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, पेडल आणि स्टूल. पैसे याच चार गोष्टींत घाला. भाड्याच्या किकवर आणि टॉमवर (घुमणाऱ्या छोट्या ड्रमवर) चांगलं वाजवता येतं. भाड्याच्या तुटक्या सिम्बलवर नाही.

मुंबईत असाल तर धोबीतलावची वाद्यांची दुकानं एकदा पायी फिरा. सिम्बल फोटो बघून कधीच घेऊ नका. दुकानात काठीने हळू वाजवून बघा, मग दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा आणि स्वतः दहा पावलं लांब उभे राहून ऐका. जवळून भरदार वाटणारा क्रॅश (जोराच्या ठोक्याचा सिम्बल) लांबून नुसता पत्र्यासारखा येतो, हे तिथेच कळतं.

माझ्या बॅगेत कायम असलेलं सामान:

– ड्रम की दोन. एक हरवतेच.
– सिम्बल स्टँडचे फेल्ट, स्लीव्ह आणि चापाचे नट. शिवाय हाय-हॅटचा एक जादा क्लच.
– काठ्यांच्या किमान चार जोड्या, ब्रश आणि रॉड्सची एकेक जोडी.
– स्नेअरचं एक जादा हेड (आपल्याकडे अजून स्किनच म्हणतात) आणि स्नेअर वायरची दोरी.
– काळा कापडी गाफर टेप, आवाज दाबायला जेलचे तुकडे, एक जुना टॉवेल.
– जाड सतरंजी.
– कानात घालायचे प्लग, छोटा टॉर्च, क्लिकसाठी मोबाइलवरचं मेट्रोनोम ॲप आणि वायरचा इअरफोन.

सतरंजीचं सविस्तर सांगतो. एका नाट्यगृहात स्टेज नुकतंच पॉलिश केलेलं होतं आणि आयोजकांनी खाली प्लॅस्टिकची चटई दिली होती. दुसऱ्याच गाण्यात किक पुढे सरकू लागला. दर चार मात्रांना बोटभर. गाणं संपेपर्यंत माझा पाय पूर्ण लांब झाला होता आणि मी स्टुलाच्या काठावर आलो होतो. निवेदक बोलत असताना मी किक मागे ओढला, तो माइकच्या स्टँडला लागला आणि सभागृहभर धाडकन आवाज झाला. त्या दिवसापासून सतरंजी माझी. साधारण दोन मीटर बाय दीड मीटर, खालून रबर असलेली. सेट मनासारखा लागला की सगळ्या स्टँडच्या पायांच्या खुणा तिच्यावर टेपने करून ठेवा. पुढच्या वेळी दहा मिनिटांत सेट लागतो.

कानातल्या प्लगबद्दल कुणी सांगत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम चालतं असं मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ड्रमजवळ १०० डेसिबल सहज होतात, म्हणजे सुरक्षित वेळ उरते साधारण १५ मिनिटं. आपला कार्यक्रम तीन तासांचा असतो. रात्री घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल तर ते दमल्याचं लक्षण नाही, इजेचं आहे. गेलेलं ऐकणं परत येत नाही. प्लग आजच घ्या.

३. पहिलं काम बदलीचं असतं

पोस्टर छापून किंवा रील टाकून पहिलं काम मिळत नाही. कुणाचा तरी ड्रमर आजारी पडतो, कुणाच्या घरी लग्न निघतं आणि संध्याकाळी सहाला फोन येतो, “उद्या मोकळा आहेस का?” हा फोन ड्रमर लोक एकमेकांना करतात. म्हणून गावातल्या ज्येष्ठ ड्रमरांच्या ओळखी करा. त्यांच्या कार्यक्रमाला जा, सामान उचलायला हात लावा, साउंडचेकला मागे उभं राहून बघा. मला पहिलं काम असंच मिळालं. ज्या दादांचं सामान मी वर्षभर टेम्पोत चढवलं, त्यांनीच माझं नाव सुचवलं.

बदलीवर गेलात की एक पथ्य पाळा. कार्यक्रम त्या ड्रमरचा आहे. पुढचं काम आपल्याला मिळावं म्हणून आयोजकाशी परस्पर बोलू नका. पुण्यात वादकांचं वर्तुळ इतकं लहान आहे की रात्री बोललेलं सकाळी चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं.

४. गाण्याचा कागद लिहायला शिका

बदलीच्या कामाला एका रात्रीत वीस-बावीस गाणी बसवावी लागतात. एवढी पाठ होत नाहीत. प्रत्येक गाण्याचा एक कागद, म्हणजे चार्ट, करा. स्टाफ नोटेशन येत असेल तर उत्तम, येत नसेल तरी आजच्या आज आपल्या भाषेत लिहिता येतं. माझा एक कागद असा असतो:

लय ७२. कहरवा. काळी दोन. ढोलकी आहे.
इंट्रो ८ आवर्तनं, पहिली ४ मी नाही.
मुखडा ५ व्या मात्रेवरून उचलतो. सम ‘रे’ वर.
म्युझिक १: १२ आवर्तनं, शेवटच्या दोनांत बासरी एकटी, हात वर.
अंतरा १: फक्त रिमवर. ‘परत’ या शब्दानंतर ब्रेक.
शेवट: मुखडा ३ वेळा, तिसऱ्यांदा लय उतरते, गायिकेकडे बघणे.

‘मुखडा ५ व्या मात्रेवरून’ ही ओळ नीट वाचा. मराठी गाणी फार वेळा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाहीत. शब्द आधी उचलले जातात आणि सम मुखड्यातल्या एखाद्या अक्षरावर पडते. पाश्चात्त्य गाण्यांवर हात बसवलेली मुलं पहिला शब्द आला की तिथेच ‘एक’ समजून क्रॅश मारतात आणि सगळं गाणं उलटं पडतं. ढोलकीवाले काका सावरून घेतात, पण गाणाऱ्याचा जीव जातो. प्रत्येक गाण्यात सम कोणत्या अक्षरावर आहे ते गाण्याच्या शब्दावरच गोल करून ठेवा. दादरा, खेमटा असे सहा मात्रांचे ठेके, सात मात्रांचा रूपक आणि भजनी ठेका हाताने टाळी देत, तोंडाने म्हणत बसवा. हे ठेके सेटवर जसेच्या तसे वाजवायचे नसतात, ते ढोलकी-तबल्याचं काम. पण आत चालू राहिले पाहिजेत.

५. कार्यक्रमाचा दिवस

पडदा सातला उघडणार असेल तर तुम्ही चारला तिथे हवेत. साउंडवाले सहसा ड्रमपासून सुरुवात करतात. तुम्ही उशिरा आलात की सगळ्यांचा उशीर तुमच्या नावावर. लोकलने जाणार असाल तर सामान मालडब्यात आणि गर्दीची वेळ टाळून. माझी स्टँडची बॅग १८ किलोची आहे, ती घेऊन दादरचा पूल चढून बघितल्यावर मी चाकांची बॅग घेतली.

साउंडचेकला एकेक ड्रम वाजवायला सांगतात. तिथे नेहमी होणारी चूक म्हणजे साउंडचेकला हळू आणि कार्यक्रमात जोरात वाजवणं. गाण्यात जेवढा हात पडणार तेवढाच तेव्हाही पडू द्या, नाहीतर पहिल्याच गाण्यात इंजिनिअरची सगळी बेरीज चुकते. आपला चेक झाला की शक्य असेल तर कुणाला तरी सेटवर बसवा आणि खाली सहाव्या-सातव्या रांगेत जाऊन ऐका. मी हे दर वेळी करतो. साइड रिदमवाला मित्र दोन मिनिटं बसतो, मग मी त्याच्या ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) हात मारतो.

ढोलकी आणि तबला असलेल्या कार्यक्रमात तुमची जागा मागची आहे, हे मनापासून मान्य करा. ढोलकीचा घुमारा आणि किकचा आवाज एकाच पट्ट्यात येतात. दोघंही भरून वाजवायला लागले की खाली नुसता गोळा ऐकू येतो. ज्या गाण्यात ढोलकी चालते तिथे किक समेवर आणि मधल्या एखाद्या मात्रेवर पुरतो. उरलेली जागा त्यांची. आणखी एक गोष्ट. ढोलकी गाण्याच्या पट्टीत लावलेली असते. तुमचा टॉम दुसऱ्याच सुरात घुमत राहिला तर गायकाला त्रास होतो. टॉमवर जेलचा तुकडा लावून घुमणं तोडा. ए.सी. नाट्यगृहात चामडं सुकून ढोलकीचा सूर चढतो, पावसाळ्यात उघड्यावर उतरतो. काका मध्येच लावून घेत असतील तर त्या वेळी काठी खाली ठेवा. एक टिचकीसुद्धा नको, त्यांना सूर ऐकायचा असतो.

अंतरही लक्षात घ्या. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. की-बोर्ड तुमच्यापासून आठ मीटरवर असेल आणि मॉनिटर (वादकाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) नसेल, तर त्याची लय तुम्हाला जवळजवळ २४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. तुम्ही तिच्यामागे गेलात, तो तुमच्यामागे आला, की पाच मिनिटांत गाण्याची लय पडते. म्हणून मॉनिटरमध्ये मुख्य गायक, बास आणि की-बोर्ड मागा. स्वतःचा ड्रम मागू नका, तो तसाही ऐकू येतो.

गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा उघड्या मैदानात कार्यक्रम असेल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, म्हणून त्या दिवशी सूट आहे की नाही ते आयोजकांना सकाळीच विचारा. शेवटचं गाणं अर्ध्यावर तोडावं लागलं तर लोकांना ड्रमरच दिसतो, कारण शेवटचा ठोका त्याचा.

६. पैशाचं बोलणं आधी

कार्यक्रम ठरताना चार गोष्टी विचारा: मानधन किती, तालमी किती आणि त्यांचे पैसे वेगळे की त्यातच, जाण्या-येण्याचं आणि सामानाचं भाडं कोण देणार, पैसे कधी मिळणार. फोनवर बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: “ठरल्याप्रमाणे अमुक तारीख, अमुक रक्कम, कार्यक्रमानंतर त्याच रात्री.” समोरून ‘ओके’ आलं की तोच तुमचा कागद. एका आयोजकाने माझे तीन कार्यक्रमांचे पैसे ‘पुढच्या कार्यक्रमाला एकदम देतो’ म्हणत थांबवले. चौथा कार्यक्रम झालाच नाही. माझ्याकडे एक ओळही लिहिलेली नव्हती, म्हणून मागायलाही जीभ उचलेना. नंतर ते पैसे आले नाहीत. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, घेताना थोडी तरी आगाऊ रक्कम घ्याच. बाहेरगावचं काम असेल तर निम्मी.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

– पॅन कार्ड. मोठी संस्था किंवा कंपनी व्यावसायिक मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापते, पॅन नसेल तर २० टक्के.
– बँक खात्याचा तपशील किंवा रद्द केलेला चेक.
– स्वतःच्या नावाचं साधं बिल: क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम.
– वर्षभराच्या कार्यक्रमांची वही. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या करपत्रकात दिसतो, तो वहीशी ताडून बघा आणि विवरणपत्र भरा. उत्पन्न कमी असेल तर कापलेले पैसे परत मिळतात.

वर्षाला २० लाखांच्या आतच उलाढाल असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणीची गरज नाही. सुरुवातीला ही चिंता करू नका.

७. अल्बमचं बोलावणं आलं की घरी करायची तयारी

आमचा अल्बम आठ मराठी गाण्यांचा होता. ड्रमसाठी दोन दिवस, चार शिफ्ट. अरेंजरने, म्हणजे वाद्यसंयोजकाने, डेमो पाठवले, त्यांत कॉम्प्युटरवर केलेले ड्रम होते. इथे पहिला प्रश्न विचारायचा तो हा: “यातलं काय तसंच हवंय आणि कुठे मला मोकळीक आहे?” काही अरेंजरांना डेमोतला किक अगदी जसाच्या तसा हवा असतो, कारण बास त्याच्यावर वाजून झालेला असतो. काहींनी ड्रम नुसते खुणेला टाकलेले असतात. न विचारता गेलात की अर्धी शिफ्ट त्यातच जाते.

क्लिकवरचा रियाज हा खरा कस. जलद गाणं सोपं असतं, संथ गाणं अवघड. ७२ च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये ८३३ मिलिसेकंदांचं अंतर आहे. त्या मोकळ्या जागेत हात कधी पुढे जातो ते कळतही नाही. आधी क्लिक दुप्पट करून वाजवा, मग एकपट, मग निम्मा. निम्म्या क्लिकवरही गाणं जागेवर राहिलं तर तुम्ही तयार आहात.

माझ्या हाय-हॅटचं दुखणं मी असं काढलं. मोबाइल सेटसमोर दोन मीटरवर, छातीच्या उंचीवर ठेवायचा आणि रोज एक गाणं रेकॉर्ड करायचं. लगेच ऐकायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळे मिटून. प्रश्न एकच: स्नेअर आणि किक हाय-हॅटच्या वर आहेत का? नसतील तर काठीचं टोक हाय-हॅटवर आडवं न टाकता वरून हलकं टेकवायचं आणि स्नेअरचा हात मधोमध, रोज त्याच जागी. तीन महिन्यांनी मोबाइलमध्ये बदल ऐकू आला. पहिल्या दिवशीचं ते गाणं मी शेवटच्या शिफ्टला पुन्हा वाजवायला मागितलं होतं. तेव्हा वेळ नव्हता, म्हणून अरेंजरने चार महिन्यांनी, मिक्सिंगच्या आधी, एका तासासाठी मला बोलावलं. अल्बममध्ये तोच टेक आहे.

८. हेड आणि सूर

रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी नवी हेड बसवा, त्याच दिवशी सकाळी नको. नवं हेड ताणत जातं आणि सूर उतरतो. बोटाने घट्ट होईल एवढे सगळे बोल्ट फिरवा, मग समोरासमोरचे बोल्ट चौथाई-चौथाई फेऱ्याने. हेडच्या मधोमध तळहाताने दाबा, पुन्हा सूर लावा. प्रत्येक बोल्टजवळ बोटभर आत टिचकी मारून सगळीकडे सूर एक येतो का ते ऐका. तबला सुरात लावणाऱ्याला शेजारी बसवा, त्याचा कान यात तुमच्यापेक्षा तयार असतो. मी ढोलकीवाल्या काकांकडून हे शिकलो.

स्नेअर दोन न्या. एक खोल आवाजाचा, एक कोरडा. गाण्यांचा क्रम अल्बमप्रमाणे न ठेवता स्नेअरच्या सुराप्रमाणे लावायची अरेंजरला विनंती करा, म्हणजे पुन्हापुन्हा सूर बदलावा लागत नाही. सर्वांत अवघड गाणं दुसरं ठेवा. पहिल्यात हात गरम होतात, तिसऱ्या-चौथ्यानंतर दम जातो.

९. स्टुडिओत

पहिले दोन तास माइक लावण्यात जातात. कंटाळून बाहेर जाऊ नका, बघत बसा. किकसमोर मोठा माइक, स्नेअरवर बहुधा एसएम ५७ नावाचा माइक, टॉमवर एकेक आणि डोक्यावर दोन ओव्हरहेड. आमच्या इंजिनिअरने एक वायर घेतली, तिचं एक टोक मला स्नेअरच्या मध्यावर धरायला सांगितलं आणि दुसरं टोक आधी एका ओव्हरहेडला, मग दुसऱ्याला लावून अंतर समान करून घेतलं. अंतर वेगळं असेल तर स्नेअर दोन्ही माइकांत वेगवेगळ्या क्षणी पोचतो आणि त्याचा आवाज पोकळ होतो. माइक लागल्यावर स्टूल किंवा स्नेअर इंचभरही हलवायचा असेल तर आधी विचारा. जेवणाच्या सुट्टीआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

हेडफोन पूर्ण बंद कपांचे हवेत. क्लिक मोठा ठेवावासा वाटतो, पण गाण्याच्या शेवटी सगळं शांत होतं तेव्हा तोच क्लिक हेडफोनमधून झिरपून ओव्हरहेडमध्ये येतो. शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक बंद करायला इंजिनिअरला आधीच सांगून ठेवा. हेडफोनमध्ये गायकाचा गाईड ट्रॅक (खुणेपुरतं गायलेलं गाणं) घ्या. शब्द ऐकू आले की फिल (मोकळी जागा भरणारे तुकडे) आपोआप शब्दांच्या मध्ये बसतात. नुसत्या क्लिकवर वाजवलं की ते शब्दांच्या अंगावर जातात.

शेवटचा क्रॅश मारला की हलायचं नाही. काठी हवेत तशीच, पाय पेडलवर तसाच, श्वाससुद्धा हळू. सिम्बलचा आवाज पूर्ण विझेपर्यंत मनात दहा आकडे मोजा. माझा एक उत्तम टेक स्टुलाच्या करकरीने गेला. त्या दुपारी इंजिनिअरने स्टुलाच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले. आता ते मी घरूनच करून येतो. खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, कडक तळव्याचे बूट बाहेर ठेवा.

टेक घेताना आधी दोन अख्खे घ्या, मग पंच, म्हणजे चुकलेला तुकडा तेवढा पुन्हा. पंच देताना चार मात्रा आधीपासून वाजवत या आणि तुकडा संपल्यावरही दोन आवर्तनं वाजवत राहा, म्हणजे सिम्बलचं घुमणं जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखं राहतं. आणि प्रत्येक टेकनंतर आत जाऊन ऐका. वेळ जातो म्हणून लोक टाळतात. मी पहिल्या दिवशी तिसऱ्या गाण्यापासून टाळलं आणि त्याच दोन गाण्यांत आजही मला माझे फिल घाईत वाटतात.

१०. निघण्याआधी आणि नंतर

फायलींची नावं, लय आणि टेकचा क्रमांक लिहून झालाय का ते विचारा. घरून रेकॉर्ड करून पाठवायचं काम असेल तर प्रत्येक माइकची वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्या गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या. एकही फाइल मधूनच सुरू झाली तर समोरच्याचा दिवस जातो.

श्रेयाचं बोलणं त्याच दिवशी करा. आपल्या नावाचं स्पेलिंग आणि ‘ड्रम्स’ हा शब्द लिहून अरेंजरला पाठवा. स्ट्रीमिंगवर गाणं चढवताना वादकांच्या नावांची जागा असते, ती भरायची राहून जाते. हा नुसता मानाचा प्रश्न नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला ५० वर्षांचा परफॉर्मरचा हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलाकार म्हणून ओळखलं जाण्याचा हक्कही आला. चित्रपटात तर किरकोळ काम करणाऱ्या आणि रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत कुठेच नाव नसलेल्या कलाकाराला हा कायदा बहुतेक बाबतींत परफॉर्मर धरतच नाही. सही करायला दिलेला कागद म्हणून घरी नेऊन वाचा. ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेलं असेल तर मानधन त्या हिशेबाने मागा.

दोन संस्थांत गल्लत करू नका. आयपीआरएस ही संगीतकार, गीतकार आणि प्रकाशकांची. गाण्याची चाल तुमची नसेल तर नुसतं ड्रम वाजवून तिथे तुमचा वाटा बनत नाही. गायक-वादकांच्या हक्कांसाठी इसाम्रा आहे, सभासद व्हायचं असेल तर तिथे चौकशी करा. मुंबईत फिल्मच्या रेकॉर्डिंगला जायचं असेल तर सिने म्युझिशियन्स असोसिएशनचं सभासदत्व कसं मिळतं तेही विचारून ठेवा.

अल्बम आला की इंजिनिअरकडून तुमच्या दोन-तीन गाण्यांचे नुसते ड्रमचे ट्रॅक मागून घ्या. नुसत्या अभ्यासासाठी आणि दुसऱ्या कुणाला न देण्याच्या बोलीवर. माझ्याकडे ते फोल्डर आहे. नवीन काम आलं की आदल्या रात्री त्यातलं पहिलं गाणं लावतो, आधी जुना टेक, मग चार महिन्यांनंतरचा, आणि हाय-हॅट कुठे आहे ते ऐकतो.